बेतणं कुणाचं, शिवणं कुणाचं

कपड्याच्या कामासाठी मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. एक शिवणं आणि दुसरं बेतणं. शिवणं म्हणजे सुई-दोऱ्याचं, मशीनचं काम. बेतणं त्याच्या आधी येतं. माप बघायचं, कापडाचा पन्हा बघायचा, खडूने खुणा करायच्या आणि मग कात्री चालवायची. शिवलेलं उसवता येतं, पण चुकीचं कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. म्हणून टेलरच्या दुकानात कात्री मास्टरच्या हातात असते आणि मशीनवर कारागीर बसतो. कारागिराला नगावर पैसे मिळतात. काज-बटण, हातशिलाई, साडीचं पिको-फॉल ही त्याहून खालची पायरी, आणि ती कामं बहुधा बायका घरी नेऊन करतात. ‘बेत’ या शब्दाचा दुसरा अर्थ मनसुबा असा आहे. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवलेत, त्यामागे काही समज असावी. ज्याच्या हातात कात्री, त्याचा बेत चालतो.

शिवणकामाच्या धंद्यात घडणारी प्रेमकथा पाहताना किंवा वाचताना मी हाच एक प्रश्न विचारते: प्रेमात पडल्यावर कात्री कुणाच्या हातात राहिली? या एका प्रश्नाने दोन चित्रपट मला नव्याने दिसले. पहिला पॉल थॉमस अँडरसनचा ‘फँटम थ्रेड’ (२०१७), दुसरा रोहेना गेराचा ‘सर’ (२०१८). एक पन्नाशीच्या दशकातल्या लंडनमध्ये घडतो, दुसरा आजच्या मुंबईत. एकाचा नायक उमराव-घराण्यांचे कपडे बेतणारा ड्रेसमेकर, दुसऱ्याची नायिका खेड्यातून आलेली घरकामगार बाई. दोन्हींत मालक पुरुष आहे, त्याच्या घरात राहायला आलेली बाई आहे आणि दोघांच्या मध्ये कापड आहे. दोन्ही चित्रपट येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे शेवटांबद्दलही मी मोकळेपणाने लिहिणार आहे.

*

‘फँटम थ्रेड’मधल्या पहिल्या भेटीपासून सुरुवात करू. रेनॉल्ड्स वुडकॉक (डॅनिएल डे-लुईस) एका हॉटेलात नाश्त्याला बसतो. वेट्रेस आल्मा (व्हिकी क्रीप्स) त्याची भलीमोठी ऑर्डर घेते. त्याच संध्याकाळी तो तिला जेवायला नेतो आणि नंतर आपल्या गावाकडच्या घरी. तिथे प्रेमकथेत अपेक्षित असतं त्यातलं काही घडत नाही. तो तिची मापं घेतो. मध्येच त्याची बहीण सिरिल (लेस्ली मॅनव्हिल) येऊन बसते आणि भाऊ सांगेल ते आकडे वहीत उतरवून घेते. आल्माची छाती भरलेली नाही, हेही तो तिला सांगतो, आणि ती भरलेली दाखवायची की नाही हे ठरवणं आपलं काम आहे असंही.

हा प्रसंग क्रूर आहे की कोमल, यावर मी मैत्रिणींशी वाद घातला आहे. मला तो दोन्ही वाटतो. ब्लाऊज शिवायला टाकताना माप देऊन आलेल्या कोणत्याही बाईला हे कळेल. माप घेणारा माणूस आपल्याकडे बघत नसतो, आपल्या आकाराकडे बघत असतो. त्या नजरेत अपमान नसतो, पण आपणही नसतो. आल्माचं वेगळेपण असं की तिला ती नजर आवडते. आपले खांदे फार रुंद आहेत, मान बारीक आहे असं तिला आजवर वाटत आलेलं असतं. ते सगळं या माणसाच्या कामाचं निघतं. प्रेमाची सुरुवात इथे एका चपखल बसलेल्या कपड्यातून होते, आणि अँडरसनने हे फार प्रामाणिकपणे दाखवलं आहे.

पण आल्मा या घरात नेमकी कोण आहे? ती मॉडेल म्हणून उभी राहते, कामगार बायकांबरोबर शिवायला बसते, मालकाच्या शेजारच्या खोलीत झोपते. राजकन्या लग्नाचा पोशाख करून घ्यायला येते तेव्हा आल्मा पुढे होऊन तिला स्वतःची ओळख करून देते आणि आपण इथेच राहतो असं सांगते. तिच्याजवळ हुद्दा नाही, म्हणून ती पत्ता सांगते. घरात हुद्दा असलेली बाई एकच, ती म्हणजे सिरिल. धंदा खऱ्या अर्थाने सिरिल चालवते. गिऱ्हाईक कोणतं सांभाळायचं, भावाची जुनी झालेली प्रेयसी कधी घराबाहेर काढायची, हे सगळं ती ठरवते. तिचं लग्न झालेलं नाही आणि चित्रपट तिला प्रेमकथा देत नाही. महत्त्वाकांक्षा पुरती साधलेली या चित्रपटातली एकमेव बाई प्रेमाच्या हिशेबाबाहेर ठेवली आहे, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

चित्रपटाच्या मधोमध एक रात्र येते, आणि माझ्या मते खरा चित्रपट त्या रात्रीत आहे. आल्माने विषारी अळंबी खाऊ घातल्यामुळे रेनॉल्ड्स भोवळ येऊन पडतो, तो नेमका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर. पोशाख डागाळतो, फाटतो. सकाळपर्यंत तो पुन्हा उभा राहायला हवा. वर मालक तापाने फणफणलेला, आणि खाली पांढरे डगले घातलेल्या बायका रात्रभर उसवतायत, कापतायत, टाके घालतायत. कुणी हात-पाय गाळत नाही, कुणी मालकाची वाट बघत नाही. त्या रात्री कळतं की वुडकॉकच्या घराण्यातलं बेतणंही या बायकांना येतं, फक्त ते त्यांचं म्हणून ओळखलं जात नाही. याच रात्री आल्माला पोशाखाच्या कडेत लपवून शिवलेली अक्षरं सापडतात. रेनॉल्ड्सला कपड्यांच्या अस्तरात गुप्त शब्द शिवून ठेवायची सवय आहे. आईच्या केसांची बटही त्याने आपल्या कोटात शिवून घेतली आहे. आल्मा ती अक्षरं उसवते. सकाळी तो बरा होऊन खाली येतो, पोशाख तयार असतो आणि तो आल्माला लग्नाची मागणी घालतो.

म्हणजे आल्मा जिंकते. पण काय जिंकते? तिचा बेत अक्षरशः त्याच्या जिवावर बेततो. पुढे तर तो जाणूनबुजून ती अळंबी खातो, कारण आजारी पडल्याशिवाय त्याला कुणाच्या स्वाधीन होता येत नाही. प्रेमातल्या सत्तेबद्दल इतकं विचित्र आणि इतकं खरं मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलं आहे. तरीही माझी तक्रार राहते. आल्माला सत्ता मिळते ती मालकाच्या शरीरावर, धंद्यावर नाही. शेवटी ती जे भविष्य रंगवते त्यातही ती त्याच्या कपड्यांची राखणदार आहे. धूळ, काळ आणि भुतांपासून ते पोशाख जपणारी. ती कपडे बेतणारी होत नाही, आणि चित्रपटाला ती तशी व्हावी असं वाटतही नाही. कात्री रेनॉल्ड्सच्याच हातात राहते. फक्त अधूनमधून हात थरथरेल याची सोय आल्माने करून ठेवली आहे.

*

‘सर’मधली रत्ना (तिलोत्तमा शोम) याच्या उलट टोकाला उभी आहे. तिला मालकाचं काही नको आहे. तिला शिवणकाम शिकायचं आहे आणि पुढे फॅशन डिझायनर व्हायचं आहे. लग्नानंतर काही महिन्यांतच ती विधवा झालेली आहे, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी पैसे पाठवते आहे. गावाहून मुंबईला येताना ती वाटेत हातात बांगड्या चढवते. ते काही सेकंदांचं दृश्य आहे, त्यावर कुणी काही बोलत नाही, पण मराठी प्रेक्षकाला त्यासाठी तळटीप लागत नाही. गावात उघड्या मनगटांनी वावरावं लागतं, शहरात कुणाला पत्ता नसतो. रत्नाच्या महत्त्वाकांक्षेची पहिली अट शहराची ही बेफिकिरी आहे.

तिचा मालक अश्विन (विवेक गोम्बर) न्यूयॉर्कमधलं लिखाण सोडून वडिलांच्या बांधकाम व्यवसायात परतलेला, ठरलेलं लग्न मोडलेला माणूस. त्या प्रशस्त फ्लॅटमध्ये रत्नाची खोली त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आहे. कॅमेरा मधूनमधून ती भिंत ओलांडत सरकतो आणि दोन आयुष्यं शेजारी शेजारी दिसतात. गेराने हे वर्गाचं अंतर भाषण न देता मांडलं आहे. रत्ना एका कपड्यांच्या दुकानात शिरते तेव्हा तिला हुसकावलं जातं. टेलरकडे ती शिकायला म्हणून जाते, तर तो तिला वरकामाला जुंपतो. मला हा टेलरचा प्रसंग दुकानाच्या प्रसंगापेक्षा जास्त बोचला. दुकानातला अपमान परक्यांनी केलेला आहे. टेलर तिच्याच बाजूचा माणूस आहे, पण कात्रीपर्यंत पोचायची वाट तोही तिला दाखवत नाही. खेड्यात काय, शहरात काय, शिंप्याच्या दुकानातली विद्या बापाकडून मुलाकडे किंवा मास्टरकडून पोऱ्याकडे गेली. बाईला शिवणकाम यावं असं सगळ्यांना वाटत होतं. तिने ते दुकान थाटण्यासाठी शिकावं असं फारच थोड्यांना वाटलं.

म्हणून आपल्याकडे बाई आणि शिलाई मशीन यांचं नातं मदतीच्या भाषेत बोललं जातं. विधवांनी आणि परित्यक्तांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम शिकवलं, आणि त्याचं मोल मोठं आहे. आजही जिल्हा परिषदांच्या योजनांतून शिलाई मशीन वाटली जातात, वाटपाचे फोटो स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. मशीन हे बाईच्या स्वावलंबनाचं सरकारमान्य चिन्ह झालं आहे. पण मशीन म्हणजे शिवणं. बेतणं मशीनबरोबर येत नाही. माझी एक मावशी घरी शिवणक्लास चालवायची. तिच्याकडे येणाऱ्या मुली दोन महिन्यांत मशीन सरळ मारायला शिकत, पण कापड कापायची वेळ आली की वर्तमानपत्राच्या कागदावर मुंढ्याचा बाक पन्नासदा काढत बसत. “कापडाला भ्यायचं नाही,” असं ती सांगायची. मशीन देणाऱ्या योजनेत ही भीती घालवायची तरतूद नसते.

अश्विन रत्नाला शिलाई मशीन भेट देतो तेव्हा हा सगळा इतिहास त्या खोक्यात असतो. भेट मनापासूनची आहे, आणि तरी ती वरून खाली आलेली आहे. म्हणूनच मला त्याआधीची भेट जास्त महत्त्वाची वाटते. रत्ना त्याच्यासाठी शर्ट शिवते आणि तो तो शर्ट घालून ऑफिसला जातो. रेनॉल्ड्सला आल्माचं माप घेताना वहीत लिहून घेणारी बहीण लागली. रत्नाला माप घ्यावंच लागत नसावं. ज्याचं कपाट आपण रोज लावतो, त्याच्या खांद्याची रुंदी हाताला पाठ असते. नोकरपणातून मिळालेलं हे ज्ञान ती कारागिरीत बदलते. या एका शर्टाच्या वेळी दोघांमधला व्यवहार उलटतो. बेत तिचा असतो, अंग त्याचं असतं.

पुढे ते जवळ येतात, आणि रत्नाच माघार घेते. लोक हसतील, तुम्हाला काही होणार नाही, माझं सगळं जाईल, असा तिचा साधा हिशेब आहे. तिची ही सावधगिरी मला भित्रेपणाची वाटत नाही. तिला धंद्यात पाय रोवायचा आहे, आणि ‘साहेबाने ठेवलेली’ अशी एकदा ओळख झाली की तिने बेतलेल्या प्रत्येक कपड्यावर तोच शिक्का बसेल. ती नोकरी सोडते. तो न्यूयॉर्कला परत जातो. आणि मग रत्नाला अश्विनच्या डिझायनर मैत्रिणीकडून कामासाठी बोलावणं येतं.

*

या बोलावण्यावर अनेकांचा आक्षेप आहे. शेवटी त्याच्या ओळखीनेच काम मिळालं, मग तिच्या स्वाभिमानाचं काय, असा तो सूर. मला हा आक्षेप अर्धवट वाटतो. ओळखीने काम मिळणं हे या धंद्यात कुणाला चुकलं आहे? वरच्या वर्गात त्याला संपर्क म्हणतात आणि कुणी त्याबद्दल माफी मागत नाही. खालच्या वर्गाला तेच मिळालं की त्याला उपकार म्हणतात.

भानू अथैया यांची वाटचाल आठवून पाहा. कोल्हापूरला १९२९ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या अथैया आधी ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकासाठी फॅशनची चित्रं काढत. तिथल्या संपादिकेने बुटिक काढलं आणि त्यांना कपडे करून बघायला सांगितलं. तिथून चित्रपटांची दारं उघडली आणि ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं. त्यांच्या प्रतिभेबद्दल शंका नाही, पण एक दार कुणीतरी उघडलं होतंच. अथैया ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या आणि पुढच्याच महिन्यात ‘सर’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. तेव्हा दोघींची वाट मला शेजारी शेजारी दिसली, आणि फरकही दिसला. अथैया कागदावरून कापडाकडे आल्या. रत्नाला कापडावरून कागदाकडे जायचं आहे. आपल्याकडे डिझायनर म्हणजे कागदावर रेखाटणारा. कापड बेतणाऱ्याला मास्टरजी म्हणतात, आणि मास्टरजी कितीही कुशल असला तरी त्याचा डिझायनर होत नाही. या दोन शिड्या शेजारी उभ्या आहेत, पण एकीवरून दुसरीवर पाय टाकता येत नाही. रत्नाला ओळख लागते ती या मधल्या अंतरासाठी.

तेव्हा ओळखीबद्दल मला आक्षेप नाही. माझा आक्षेप दुसरा आहे, आणि तो चित्रपटावर माझं प्रेम असूनही आहे. ‘सर’ रत्नाच्या प्रतिष्ठेला फार जपतो, पण तिच्या कलेकडे पुरेसं बघत नाही. रेनॉल्ड्सला कोणतं कापड आवडतं, कोणता रंग सहन होत नाही, टोस्टवर लोणी फासण्याच्या आवाजानेही त्याचं काम कसं बिघडतं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. त्याची आवडनिवड हाच त्याचा स्वभाव आहे. रत्नाला काय बेतावंसं वाटतं? कोणतं काठाचं, कोणतं साधं? शहरातल्या बायकांच्या कपड्यांकडे बघून तिच्या मनात काय चुकतं, काय सुचतं? चित्रपट या प्रश्नांपाशी फारसा थांबत नाही. तिची महत्त्वाकांक्षा आपल्याला तिच्या सोशिकपणातून कळते, तिच्या नजरेतून कमी. तिलोत्तमा शोमने डोळ्यांनी बरंच भरून काढलं आहे, पण पटकथेने तिच्या हातात खडू दिलेला नाही. श्रीमंत पुरुषाची कला आणि गरीब बाईची जिद्द, ही वाटणी जुनी आहे. तीच इथे सद्भावनेने पुन्हा झाली आहे.

जुनी म्हणजे किती, तर एमिल झोलाच्या ‘ओ बोनर दे दाम’ या १८८३ च्या कादंबरीइतकी तरी. तिथली दनीझ गावाहून पॅरिसला येते, तयार कपड्यांच्या अजस्र दुकानात विक्रेती होते, मालक मूरेला नकार देत राहते आणि त्या नकारानेच त्याला जिंकते. दुकानातल्या नोकरांसाठी ती अनेक सुधारणा करून घेते, पण त्या तिला मिळतात मालकाच्या प्रेमापोटी. तिच्या काकांचं जुनं कापडाचं दुकान याच मालकाच्या धंद्याखाली चिरडलं जातं. झोलाची नजर निर्दय आहे, त्यामुळे त्याने हिशेब लपवला नाही. प्रेम हेच दनीझचं भांडवल आहे आणि त्याची किंमत शेजारचं दुकान मोजतं. आल्मा आणि रत्ना या दोघीही एका अर्थी दनीझच्या नाती आहेत. आल्माने भांडवलाचा अर्थ ओळखून ते वापरलं. रत्नाने ते वापरायला नकार दिला, आणि कथेने तिला ते मागच्या दाराने आणून दिलं.

*

‘सर’चा शेवट सगळ्यांना आठवतो. फोन वाजतो, रत्ना तो घेते आणि आजवर ज्याला फक्त ‘सर’ म्हटलं त्याला ती पहिल्यांदा नावाने हाक मारते. आपल्याकडे बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याची आडवाट शोधून काढली. तिथे एका घरकामगार बाईने मालकाचं नाव सरळ उच्चारणं ही लहान गोष्ट नाही. तो शेवट सुंदर आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

तरी कपड्याच्या धंद्यात नावाची एक दुसरी जागाही असते. कॉलरच्या आत, मानेला टोचणारी ती छोटी पट्टी. वुडकॉकच्या घरातल्या बायका रात्रभर राबल्या आणि पोशाख गेला तो वुडकॉकच्या नावाने. रत्नाची कथा संपते तेव्हा तिच्या ओठांवर त्याचं नाव आहे. कॉलरमधल्या पट्टीवर तिचं नाव कधी येईल, या प्रश्नापाशी चित्रपट थांबत नाही, कारण प्रेमकथा पूर्ण झालेली असते. पण रत्ना मुंबईला आली होती ती त्या पट्टीसाठी.